मॅकडोनाल्ड कुळातली आणखी दोन नावं

मॅकडोनाल्ड या स्कॉटिश कुळातल्या नामवंतांची यादी करताना दोन पंतप्रधानांची नावं घेतली जातात, कॅनडाचे जॉन आणि ब्रिटनचे रॅम्से. यादीत दोघंही हवेतच. पण स्कॉटलंडची फ्लोरा मॅकडोनाल्ड आणि नेपोलियनचा सेनानी मार्शल मॅकडोनाल्ड यांच्यावाचून ही यादी मला अपुरी वाटते. या दोघांचा धागा एकाच होडीत जुळतो.

१७४६ साली स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या लढाईतल्या पराभवानंतर ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणारा राजपुत्र चार्ल्स स्टुअर्ट जीव वाचवत फिरत होता. फ्लोराने त्याला बायकी झगा चढवला, बेटी बर्क नावाची आयरिश मोलकरीण बनवलं आणि बेनबेक्युला बेटाहून समुद्रमार्गे स्काय बेटावर पोचवलं. केवढी छाती लागली असेल! तिला अटक झाली, लंडनला नेलं, १७४७ मध्ये सुटका झाली.

त्याच होडीत साउथ उइस्ट बेटावरचा नील मॅकईचेन होता. तो पुढे फ्रान्सला गेला आणि तिथे मॅकडोनाल्ड हे नाव लावू लागला. त्याचा मुलगा एतियेन, म्हणजेच आपला मार्शल मॅकडोनाल्ड. १८०९ मध्ये वाग्रामच्या रणांगणावरच नेपोलियनने त्याला मार्शल केलं. १८२५ मध्ये साठीचा हा सेनानी मुद्दाम साउथ उइस्टला जाऊन आला आणि येताना बापाच्या गावची माती घेऊन आला.

रॅम्से मॅकडोनाल्ड यांचं नाव आपल्याला जास्त जवळचं. ऑगस्ट १९३२ चा जातीय निवाडा त्यांचाच. त्यातल्या अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधीजींनी येरवड्यात उपोषण केलं आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला.