मदत हवी आहे: उपग्रहांमधली लेझर लिंक, बीम रुंद करावा की थरथर मारावी?

नमस्कार मंडळी,

एम.टेक.च्या प्रबंधासाठी दोन उपग्रहांमधल्या लेझर लिंकचं सिम्युलेशन करतेय आणि एका निर्णयापाशी अडलेय. ऑप्टिक्स किंवा कंट्रोलमधल्या जाणकारांनी कृपया वेळ काढून वाचावं.

मांडणी अशी: ५५० किमी उंचीवर एकाच कक्षेत मागेपुढे फिरणारे दोन लहान उपग्रह, मधलं अंतर २००० किमी. दोन्हींवर ८ सेंमीची दुर्बीण, तरंगलांबी १५५० नॅनोमीटर, वेग सेकंदाला २.५ गिगाबिट. बीमचा अर्धकोन १४ मायक्रोरेडियन, म्हणजे समोर पोचेपर्यंत प्रकाशाचा ठिपका जेमतेम ५६ मीटर रुंद. लेझरचा सगळा फायदा या अरुंदपणात आहे आणि सगळा त्रासही त्यातच.

पॉइंट-अहेड कोन, म्हणजे प्रकाश पोचेपर्यंत समोरचा उपग्रह जिथे गेलेला असेल तिथे नेम धरण्यासाठीचा कोन, धरलेला आहे. एकाच कक्षेतले शेजारी एकमेकांना स्थिर दिसतात, म्हणून तो शून्य असेल असं वाटतं. पण कक्षा वक्र असल्यामुळे दोघांच्या वेगांच्या दिशा वेगळ्या असतात. आडवा सापेक्ष वेग सेकंदाला २.२ किमी भरतो आणि कोन येतो साधारण १४.६ मायक्रोरेडियन. तो सोडला तर साडेनऊ डेसिबलच्या आसपास फटका बसतो. कुणी असंच सिम्युलेशन करत असेल तर हे जरूर तपासा.

आता खरी अडचण. कंपनांसाठी आधी ऑलिम्पस उपग्रहावर मोजलेला स्पेक्ट्रम वापरला. २००१ साली आर्टेमिस आणि स्पॉट-४ यांच्यात लेझर लिंक जुळली, तिच्या आखणीतही हाच होता. त्यात एका अक्षावर सुमारे १६ मायक्रोरेडियन आरएमएस थरथर भरते, पण तिचा मोठा वाटा अगदी खालच्या हर्ट्झमध्ये आहे. त्यामुळे २०० हर्ट्झ बँडविड्थचा फास्ट स्टिअरिंग मिरर (बीमची दिशा झटपट सुधारणारा आरसा) ती १ मायक्रोरेडियनच्या आसपास आणून ठेवतो. इथवर सगळं छान.

घोडं अडतं रिअ‍ॅक्शन व्हीलपाशी, म्हणजे उपग्रह वळवणाऱ्या फिरत्या चाकापाशी. चाकाचा वेग वाढत जातो तसा त्याचा एक हार्मोनिक (वेगाच्या पटीतलं कंपन) पॅनेलच्या १४० हर्ट्झच्या अनुनादावर येऊन बसतो. तिथे मिररचा लूप निम्म्याहून जास्त कंपन तसंच सोडतो आणि ९ मायक्रोरेडियन अ‍ॅम्प्लिट्यूड शिल्लक राहते. शिवाय तापमानामुळे पाठवण्याचा आणि घेण्याचा मार्ग एकमेकांपासून ४ मायक्रोरेडियन सरकतात, हेही मॉडेलमध्ये आहे आणि तेही त्याच अक्षावर. वाईटात वाईट क्षणी चूक १३ मायक्रोरेडियन, तोटा ७.५ डेसिबल. माझं मार्जिन (लिंक सोसू शकेल असा जास्तीचा तोटा) ६ डेसिबलचं. लिंक तुटते.

आमचे सर म्हणतात, बीम दीडपट रुंद कर. मला ते पटत नाही. रुंदीमुळे ३.५ डेसिबल कायमचे जातात आणि त्या वाईट क्षणी एकूण तोटा ७.५ वरून फक्त ६.९ वर येतो. म्हणजे लिंक तरीही तुटणारच, आणि बाकीचा सगळा वेळ आपण उगाच ३.५ डेसिबल मोजत बसणार. लूप आणखी वेगवान करू पाहिला तर मिररचा स्वतःचा अनुनाद आडवा येतो.

पर्याय काय? आणि आणखी एक: मिळणाऱ्या पॉवरच्या आलेखात १४० आणि २८० हर्ट्झ असे दोन सुळके दिसतात. दोन का?

प्रतिसाद १

सरांना हेच आकडे दाखवा, तेही मानतील. चाकं किती आहेत? पिरॅमिडसारख्या मांडणीत चार असतील तर एक मोकळीक तुमच्या हातात आहे: उपग्रहावरचा एकूण टॉर्क न बदलता चारही चाकांचे वेग एकत्र सरकवता येतात. १४० च्या आजूबाजूचा पट्टा वर्ज्य ठरवा आणि चाकाला तिथे थांबूच देऊ नका. ओलांडावा लागलाच तर झटकन ओलांडायचा.

इंटरलीव्हरवर (बिट विखरून पाठवून सलग चुका भरून काढण्याच्या युक्तीवर) भिस्त ठेवू नका. एक मिलिसेकंदाची खोट म्हणजे तुमच्या वेगाने २५ लाख बिट. अख्खे कोडवर्ड त्यात गडप होतील.

प्रतिसाद २

दोन सुळक्यांमध्येच तुमचं उत्तर आहे. बीम अगदी मध्यावर असेल तर एका हेलकाव्यात तो डावीकडे एकदा आणि उजवीकडे एकदा चुकतो, पॉवर दोनदा पडते, म्हणून २८०. मध्य सरकलेला असेल तर एका बाजूची पड खोल आणि दुसरीकडची उथळ होते आणि १४० डोकं वर काढतो. तुमचा १४० चा सुळका म्हणजे ते ४ मायक्रोरेडियनच.

आता तेवढी सरक काढून टाका आणि चाकाचं कंपन ९ तसंच राहू द्या. तोटा ७.५ वरून ३.६ डेसिबलवर येतो. बीमला हात न लावता मार्जिनमध्ये बसलात. मी असतो तर आधी हे, मग चाकांचे वेग, मग आयसोलेटर (चाकाचं कंपन अडवणारी बैठक). बीम रुंद करणं या यादीत घेतलंच नसतं.

धागाकर्ती

हे डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार! चाकं चारच आहेत, तेव्हा प्रतिसाद १ चंही लगेच करून बघते. पण प्रत्यक्ष कक्षेत ही सरक मोजायची कशी? पॉवर कळते समोरच्याला, हेलकावा माझा, आणि मध्ये प्रकाशाला एका बाजूने ६.७ मिलिसेकंद लागतात.

प्रतिसाद २

समोरच्याने पॉवरचे नमुने वेळेच्या शिक्क्यासह परतीच्या डेटात घालून पाठवायचे. तुमच्या क्वाड्रंट डिटेक्टरवर (ठिपका कुठे सरकला ते सांगणाऱ्या चार भागांच्या सेन्सरवर) तुमचा हेलकावा नोंदलेला असतोच. ६.७ मिलिसेकंद वजा करून दोन्ही नोंदी एकमेकांशी पडताळा, म्हणजे सरकेची दिशा आणि मोठेपण दोन्ही मिळतं, आणि पॉइंट-अहेडच्या आरशाला तेवढा धक्का देता येतो. तापमान मिनिटामिनिटाने बदलतं, त्यामुळे हा लूप अगदी संथ चालला तरी भागतं. ज्या अक्षावर चाकाचं कंपन नाही तिथे मुद्दाम एक-दोन मायक्रोरेडियनचा बारीक हेलकावा द्या, पद्धत तीच.

फक्त उपग्रह पृथ्वीच्या सावलीतून उन्हात येतो तेव्हाची मिनिटं वेगळी चालवून बघा. सरक सगळ्यात जोरात तेव्हाच बदलते, आणि ४ हा आकडा तिथे टिकतो का ते सरांच्या आधी तुम्हाला माहीत असलेलं बरं.