जुना डेस्कटॉप दुरुस्त करू की नवा घेऊ? सोबत प्रिंटरही हवाय (बजेट २० हजार, त्याच्या वर नाही)

वाशिष्ठी_काठ
नमस्कार मंडळी. मी चिपळूणजवळच्या गावात राहते, घरी पाचवी ते दहावीच्या मराठी माध्यमाच्या शिकवण्या घेते. घरात एक डेस्कटॉप आहे, प्रोसेसर आय५ चौथी जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. २०२१ च्या पुरात धाकट्या दिराने वेळेत माळ्यावर चढवला म्हणून वाचला. आता तो इतका स्लो झालाय की बटण दाबून मी कुकर लावून येते तरी गोल फिरतच असतं. कामं म्हणाल तर मराठी टायपिंग, प्रश्नपत्रिका, मुलांना यूट्यूबवरचे प्रयोग दाखवणं, बस. महिन्याला ४०० च्या आसपास पानं बाहेरून काढून आणते, त्यात रिक्षाचे पैसे वेगळे, म्हणून प्रिंटरही हवाय. सगळं मिळून २० हजार. लाईट खूप जाते इकडे. काय करू?

कोथरूडचा_केदार
नवीनच घ्या. चौथी जनरेशन म्हणजे दहा वर्षांपेक्षा जुनं मशीन, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालतच नाही, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि आठवी जनरेशन लागते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मी गेल्या दिवाळीत असेंबल केला, सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, एनव्हीएमई (सगळ्यात वेगवान डिस्क), २४ इंची मॉनिटर, ५२ हजारांत बसला, सात सेकंदांत चालू होतो. एकदाच खर्च करा.

वाशिष्ठी_काठ
दादा, बजेट २० आहे, त्यात प्रिंटरही.

नाना_सोलापूर
ताई, आधी एक काम करा. मशीन स्लो असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क असे रकाने दिसतील, तिन्हीचे आकडे इथे टाका. त्याआधी कोणाच्या सांगण्यावरून काही घेऊ नका.

पिंकी_डीटीपी
एसएसडी (चिपवाली डिस्क) टाका, डोळे झाकून! माझ्याकडे यापेक्षा जुना डब्बा आहे, त्याला २५६ जीबीची साटा (जुन्या हार्ड डिस्कसारख्याच केबलची) एसएसडी टाकली आणि लग्नपत्रिकांची फाईल जी उघडायला मिनिट घ्यायची ती आता लगेच उघडते. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई जाऊन डेटा शोधते, एसएसडीत फिरणारं काहीच नाही. आणि चौथ्या जनरेशनच्या बोर्डला एनव्हीएमई बहुतेक बसत नाही, दुकानदार देईल तरी घेऊ नका, अडीच इंचाची साटाच मागा. जुनी हार्ड डिस्क काढू नका, दुसरी म्हणून लावून ठेवा, फोटोबिटो तिच्यात.

अमेय_ठाणे
रॅमपण ८ करा. मी स्वतः चूक केलीये म्हणून सांगतो, ऑनलाइन नुसतं "डेस्कटॉप रॅम ८ जीबी" बघून मागवली, आली डीडीआर४, माझा बोर्ड डीडीआर३ चा. खाच जुळेना, मी जोर लावला, स्लॉटची क्लिप तुटली. तुमच्या मशीनला डीडीआर३ लागेल. झाकण उघडून जुन्या पट्टीवरचं स्टिकर वाचा, मोबाईलने फोटो काढा आणि तो फोटो दुकानात दाखवा.

कोथरूडचा_केदार
मेलेल्या प्लॅटफॉर्मवर पैसे घालू नका हेच परत सांगतो. आज एसएसडी, उद्या एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) जाईल, परवा बोर्ड.

मिंट_प्रेमी
विंडोज ११ नाही चालत तर लिनक्स मिंट टाका, फुकट आहे, ४ जीबीतही नीट चालतं, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात मिळतो. माझ्या वडिलांचं वय ७१, ते दोन वर्षं तेच वापरतायत.

पिंकी_डीटीपी
@मिंट_प्रेमी त्यांच्या जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या मराठी अक्षरांच्या) आधीच्या फाँटमध्ये असल्या तर तिथे सगळी अक्षरं एबीसीडी होऊन बसतील त्याचं काय? ताई, तुम्ही टायपिंग कशात करता?

वाशिष्ठी_काठ
आधीच्या जुन्या फाँटमध्ये आहेत, गेल्या तीन वर्षांच्या युनिकोडमध्ये. इनस्क्रिप्ट अर्धवट येतं, किल्ल्या बघत बघत.

रेमिंग्टन_४०
इनस्क्रिप्ट कशाला शिकताय, मराठी टायपिंगच्या परीक्षा आम्ही रेमिंग्टनवरच (टाइपरायटरच्या किल्ल्यांच्या मांडणीवर) दिल्या, अजून डोळे मिटून चालतात बोटं. जुन्या माणसांना तेच बरं.

नाना_सोलापूर
तुम्हाला येतं म्हणून तुम्हाला बरं, ताईंनी अर्धं शिकलंय ते का सोडायचं? इनस्क्रिप्टमध्ये डावा हात स्वर आणि उजवा हात व्यंजनं. क च्या किल्लीवर शिफ्ट धरला की ख, ग वर धरला की घ. आपली बाराखडी पाठ असलेल्या माणसाला हे आठ दिवसांत बसतं. सरकारी मानक आहे ते, हिंदी लिहा की कन्नड, क त्याच जागेवर. कीबोर्ड नवा घेऊ नका, मराठी अक्षरांचे स्टिकर स्टेशनरीत मिळतात.

रेमिंग्टन_४०
स्टिकर चार महिन्यांत निघतात, घामाने चिकट होतात. अनुभव आहे.

दापोलीची_मेघा
मी कोकणातलीच, म्हणून दोन गोष्टी सांगते ज्या पुण्याठाण्याच्या लोकांच्या लक्षात येणार नाहीत. कॅबिनेटच्या मागे रिकाम्या स्लॉटची पत्रे नसतील तर आधी ती लावा. आमच्याकडे पाल आत शिरली आणि एसएमपीएसमध्ये जळली, घरभर वास आणि मशीन बंद. दुसरं, पावसाळ्यात कागद ओल धरतो. रीम उघडी ठेवली की पानं वाकडी होतात आणि प्रिंटरमध्ये दोन दोन ओढली जातात. मी उरलेला कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते, प्रिंटरच्या ट्रेमध्ये लागेल तेवढाच.
प्रिंटर इंक टँकच घ्या (बाटलीतली शाई टाकीत ओतायचा), स्कॅनरवाला. एक काळी बाटली मला वर्षभर पुरते.

अमेय_ठाणे
+१ इंक टँक. कार्ट्रिजवाला स्वस्त दिसतो पण घेऊ नका, दोन कार्ट्रिजमध्ये प्रिंटरची किंमत निघते.

पिंकी_डीटीपी
इंक टँक. रंगीत पण निघतं, ताईंना विज्ञानाच्या आकृत्यांना लागेल. फक्त आठवड्यातून एक तरी रंगीत पान काढत जा, नाहीतर हेडची भोकं सुकतात, मग हेड क्लीनिंग मारत बसायचं आणि त्यातच अर्धी शाई जाते.

चाळीसगाव_चेतन
इंक टँक घ्या आणि एसएसडी टाका. मला तर वाटतं रॅमपण वाढवा.

वाशिष्ठी_काठ
नाना, आकडे: सीपीयू १४%, मेमरी ६८%, डिस्क १००%. पाच मिनिटं झाली तरी डिस्क खाली येत नाही.
अजून एक विचारायचं राहिलं. कधी कधी कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, पावसात अनवाणी असले की जास्त. ते मशीन जुनं झाल्यामुळेच का?

नाना_सोलापूर
ताई, मशीन आत्ता बंद करा आणि प्लग काढा. बाकीचं सगळं नंतर.
हे अर्थिंग नसल्याचं लक्षण आहे. एसएमपीएसमध्ये फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते थोडासा करंट पत्र्याकडे सोडतात आणि तो अर्थच्या वायरने जमिनीत जायचा असतो. वायर तुटलेली असेल तर पत्र्यावर शंभर एक व्होल्ट बसून राहतात. त्यात करंट थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात, पण आत आणखी काही बिघडलं तर तेवढ्यावर भागणार नाही. त्या खोलीत लहान मुलं बसतात. मी २६ वर्षं वायरमनचं काम केलंय, कळकळीने सांगतो. मीटर लावून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ तिन्ही बघायला सांगा. पहिले दोन २३० च्या आसपास, तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत हवा.

कोथरूडचा_केदार
हे बरोबर आहे. नवीन मशीन घेतलं तरी हे करावंच लागेल.

दापोलीची_मेघा
आमच्याकडे अर्थिंगच्या खड्ड्यातली पट्टी गंजून तुटली होती. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कोरडं पडतं, आम्ही एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी ओततो.

चाळीसगाव_चेतन
मोठा यूपीएस घ्या म्हणजे शॉक लागणार नाही. माझा १ केव्हीएचा आहे, सगळं त्यावरच, प्रिंटरसकट.

नाना_सोलापूर
यूपीएसने अर्थिंगचं काम होत नाही हो. आणि लेझर प्रिंटर असेल तर यूपीएसवर अजिबात नको, आतला रोलर तापवताना तो एकदम कित्येकशे वॅट ओढतो. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, तो लगेच ओरडायला लागतो. यूपीएसवर फक्त कॅबिनेट आणि मॉनिटर, तेही फाईल सेव्ह करून बंद करण्यापुरतं.

मिंट_प्रेमी
ताईंना विंडोजच ठेवायचं असेल तर १० ला वाढीव सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की पैसे पडत नाहीत. पण त्यानंतर मिंटचा विचार करा, खरंच.

वाशिष्ठी_काठ
सतरा दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचे आभार, काय केलं ते सांगते.
आधी वायरमन बोलावला. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ६१ व्होल्ट दाखवत होतं. भिंतीवरच्या स्विचबोर्डाच्या मागे अर्थची वायर नुसती अडकवून ठेवलेली होती, स्क्रूखाली घेतलीच नव्हती. ती घट्ट केली, खड्ड्यातली पट्टी बदलली, १,४०० गेले. आता अनवाणी हात लावला तरी काही नाही. नाना, मुलांच्या आयांनाही हे सांगितलं, दोघींच्या घरी मिक्सरला तेच होत होतं.
डिस्कच १००% वर अडकत होती म्हणून एसएसडी घेतली, २५६ जीबीची, २,६००. दिराने रिकाम्या खणात दुहेरी टेपने चिकटवली आणि विंडोज नव्याने टाकलं. आता डबा चुलीवर ठेवेपर्यंत चालू झालेला असतो. रॅम नाही घेतली. मेमरी ६८ टक्केच होती, कमी पडली तर तेव्हा बघू. यूपीएस ६०० चा, ३,१००.
प्रिंटर मात्र साधा काळ्या-पांढऱ्या लेझरचा घेतला, स्कॅनर नसलेला, ११,९०० ला. तुम्ही सगळे इंक टँक म्हणालात, पण मे महिना अख्खा आणि गणपतीचे दहा-बारा दिवस माझं घर बंद असतं, आम्ही गुहागरला असतो. तेव्हा आठवड्याला रंगीत पान कोण काढणार? टोनर म्हणजे पूड, ती सुकत नाही. शिवाय पावसात मुलं भिजून येतात, ओल्या बोटांनी पेपर धरतात, बाहेरून आणलेल्या इंकच्या प्रिंटची अक्षरं पसरलेली मी बघितलीत. आकृत्या मी फळ्यावर रंगीत खडूने काढते. एकूण १९,०००.

पिंकी_डीटीपी
स्कॅनर लागेल तुम्हाला, बघा. पण गुहागरचं कारण पटलं.

अमेय_ठाणे
रॅम लागेलच सहा महिन्यांत. डीडीआर३, फोटो काढून न्या.

दापोलीची_मेघा
टोनर सुकत नसला तरी कागद ओल धरतोच, ट्रे रिकामा करून गुहागरला जा. आणि मागचे पत्रे लावलेत का?

वाशिष्ठी_काठ
एक राहिलाय, उद्या लावते.