बाराखडी तोंडपाठ, पण शब्द जुळत नाही

प्रश्न:
मुलगी पहिलीत आहे. क ते ज्ञ ओळखते, बाराखडी घडाघडा म्हणते. पण पुस्तकात ‘मगर’ आलं की ‘म… ग… र…’ असं सुटं म्हणते, चित्राकडे बघते आणि ‘सुसर!’ सांगून मोकळी होते. अक्षरांची उजळणी वाढवू का?

उत्तर (पहिलीच्या वर्गाला शिकवते):
ताई, उजळणी नको. अक्षरं तिला येतात, अडतंय ते जोडताना. दर अक्षराला ती थांबते, तोवर मागचा आवाज निसटतो. बोट न उचलता शब्दाखालून सरकवा आणि आवाज तुटू देऊ नका, ‘मऽगऽर’. लगेच तोच शब्द बोलल्यासारखा म्हणायला लावा. हे दुसरं म्हणणं अजिबात गाळू नका. बोलताना शेवटचा ‘अ’ आपण गिळतो, ‘करवत’चं तर ‘कर्-वत्’ होतं. चारही अक्षरं पूर्ण उच्चारली की ओळखीचा शब्दसुद्धा मुलांना परका वाटतो.

चित्र हाताने झाका. आधी वाचू दे, मग ताडून बघू दे.

बाराखडी बऱ्याचदा नुसती चालीवर पाठ असते. मधलाच ‘कु’ दाखवा, ‘क का कि की’ करत येते का बघा. तसं असेल तर आधी फक्त काना घ्या: मान, नाक, राग. मग दुसरी वेलांटी, ती अक्षराच्या पुढे असते. पहिली वेलांटी मी मुद्दाम उशिरा घेते. ‘दिवस’मध्ये डोळ्यांना वेलांटी आधी दिसते, तोंडाने मात्र ‘द’ आधी म्हणायचा. मुलं इथे हमखास अडखळतात, त्यावरून रागावू नये.

आणखी एक उत्तर:
आमचा मुलगा ‘च’ला अडायचा. ‘चाक’मधला वेगळा, ‘चार’मधला वेगळा, लिहायला एकच. आता तो दोन्ही उच्चार करून बघतो आणि ओळखीचा वाटेल तो ठेवतो.

प्रश्नकर्ती:
‘कु’ दाखवला, खरंच ‘क’पासून म्हणत आली! जोडाक्षरं कधी घ्यायची?

उत्तर:
काना-मात्रेचे शब्द न थांबता वाचायला लागली की. सुरुवात ‘पक्का’, ‘गल्ली’, ‘अण्णा’ अशा एकाच अक्षराच्या जोडीने करा. ‘र’ची जोडाक्षरं सगळ्यांत शेवटी. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’, ‘सुऱ्या’ यांत तो दर वेळी वेगळा दिसतो, म्हणून एका वेळी एकच रूप.