मदत हवी आहे: महामार्गाच्या भरावानं तलावाचा येवा (पाणी येण्याची वाट) बंद होतोय, हरकत कुठे द्यायची?

धान_बांधी: लवकर सांगा. आमच्या मामा (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या) तलावाच्या वरच्या अंगाला महामार्गाच्या आखणीचे दगड रोवून गेले आहेत. तिथून भराव गेला तर येवा बंद, आणि खालच्या धानाच्या बांध्या पडीक. ग्रामसभेचा ठराव झाला, सह्यांचं निवेदन झालं, पण ते घ्यायला कोणी तयार नाही. ह्या टेबलावरून त्या टेबलावर पाठवून राहिले. हरकत नेमकी कोणाकडे द्यायची? मुदत संपत आली.

वर्धा_रोड: कोणता रस्ता? राष्ट्रीय की राज्याचा? नवीन आखणी की जुनाच रुंद करून राहिले? तालुका? मुदत कशाची? नोटिशीवर कलम काय लिहिलं आहे ते पहिले सांगा भाऊ.

शिवमडका: समृद्धी महामार्गात आमची जमीन गेली. सरळ खरेदीत रेडी रेकनरच्या (जमिनीच्या सरकारी दराच्या) पाचपट मिळाले. विरोधात वेळ घालवू नका, मोबदल्यासाठी भांडा. आणि प्रकल्पग्रस्ताचा दाखला काढून ठेवा, सरकारी भरतीत ५ टक्के समांतर आरक्षण असतं.

धान_बांधी: आमची जमीन नाही जात, पाणी जाते. दाखला घेऊन काय करू?

जंगलवाट: सरळ हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जा. पेंचच्या वाघांच्या जंगलातून जाणारा मनसर-खवासा रस्ता आठवा. लोक कोर्टात गेले म्हणून प्राण्यांसाठी पुलाखालून ९ वाटा सोडाव्या लागल्या, सर्वांत रुंद ७५० मीटरची. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत त्याच वाटांनी वाघ जाताना दिसले.

शिवमडका: पण रस्ता झालाच ना शेवटी?

जंगलवाट: झाला, पण आधी ठरला होता तसा नाही झाला. तलावासाठीही तेच मिळवता येईल. आखणी सरकवा, नाहीतर येव्यावर भराव न टाकता पूल बांधा.

वर्धा_रोड: कोर्ट पहिले विचारेल, मुदतीत हरकत दिली होती का? धागाकर्ते, कलम सांगा.

संत्रा_मंडी: शहरात रस्त्यांसाठी कडुनिंब तोडले तेव्हा कोण बोललं? मे महिन्यात सिग्नलला उभं राहवत नाही. पुनर्रोपण केलेलं झाड जगलेलं कोणी पाहिलं का?

जंगलवाट: त्याचा वेगळा धागा काढा, मीही लिहीन. इथे तलावाचं चाललं आहे.

धान_बांधी: कुही तालुका. राष्ट्रीय महामार्ग कायदा, कलम ३ए, म्हणजे जमीन घ्यायची असल्याची अधिसूचना. नवीन आखणी. पेपरात येऊन १३ दिवस झाले. जाणाऱ्या जमिनींच्या यादीत काकांचे दीड एकर आहे. ते वेगळे राहतात म्हणून लिहिलं नव्हतं.

वर्धा_रोड: हेच पहिले सांगायचं ना! त्याच कायद्याच्या कलम ३सी खाली २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे (जमीन घेण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) लेखी, कारणांसह हरकत द्यायची. ती जमिनीत हितसंबंध असलेल्यालाच देता येते, गावाचं निवेदन म्हणूनच घेतलं नसेल. काकांच्या सहीनं द्या, प्रत्यक्ष सुनावणी मागा, पोच घ्या. आणि ८ दिवस उरले असं धरू नका. दिवस राजपत्राच्या तारखेपासून मोजतात. पर्यावरणाची जनसुनावणी ह्याहून वेगळी. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, किमान ३० दिवस आधी सूचना देऊन. तिथे गावातला कोणीही बोलू शकतो.

जुना_तलाठी: निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या सामाईक वापराच्या आणि रूढ हक्कांच्या सरकारी नोंदी) काढा. जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १६१ आणि १६५. तलावाचं पाणी, मासेमारी, वहिवाट, कोणाचा काय हक्क ते त्यात लिहिलेलं असते. नोंद निघाली तर पाणी घेणारे शेतकरी आणि मासेमारी करणारे ढिवर बांधव, सगळ्यांना हितसंबंध दाखवायला आधार मिळेल. सिंचन १०० हेक्टरपर्यंत असेल तर तलाव जिल्हा परिषदेकडे असतो, पाणलोटाचा नकाशा तिथे मागा. आणि वरच्या अंगाच्या सातबाऱ्यावर झुडपी जंगल (खुरट्या झुडपांची जमीन) अशी नोंद लागली आहे का ते बघा. सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ ला झुडपी जंगल हे वनच धरायचं असं म्हटलं आहे, म्हणजे तिथे केंद्राच्या वन मंजुरीशिवाय काम करता येत नाही.

धान_बांधी: झुडपीच आहे, गुरं तिथेच चरतात. राजपत्राची तारीख पेपरच्या ४ दिवस आधीची निघाली, म्हणजे हातात ४ च दिवस. काका सही करतो म्हणाले. निस्तारपत्रक तहसीलला मिळेल का?

जुना_तलाठी: अभिलेख कक्षात मिळेल. नकलेचा अर्ज उद्याच टाका. नक्कल वेळेत नाही आली तर अर्जाची पोच हरकतीला जोडा, पण हरकत थांबवू नका.

शिवमडका: काकांना एकदा मोबदल्याचंही विचारा.

धान_बांधी: विचारलं. तलाव राहिला तर उरलेलं शेत पिकेल, म्हणाले. येव्याचा नाला उन्हाळ्यात कोरडा दिसते, पावसाळ्यातले फोटो जोडले तर चालतील का?

वर्धा_रोड: जोडा. तारीख दिसली पाहिजे, आणि रोवलेला दगड नाल्यापासून किती लांब आहे ते टेपानं मोजून लिहा.