पिंट्या अंदमानले चालला, वाचून जाय म्हना!

ग्रुप: वाड्यावरचे

पिंट्या: नमस्कार सगळ्यांले. दिवाळी झाली की मी आन् नेहा अंदमानले जाऊन राहिलो, ८ दिवस. हॅवलॉकले स्कूबा पण बुक केलं. ताई, बेटांचं, समुद्राचं एखांदं चांगलं पुस्तक असन तं सांग ना, विमानात वाचतो

आत्या (अकोट): मले आत्ताच समजून राहिलं हे. मायले ग्रुपवर सांगत असते का रे

दादा: स्कूबा म्हनजे ते पाठीले सिलेंडर बांधून पान्यात जाते तेच ना. पूर्णेत कमरेइतक्या पान्यात बोंबलत होता लेका तू

पिंट्या: दादा, नेहा पण आहे ग्रुपवर

नेहा: वाचलं मी

वहिनी: नेहा, आनखी लय किस्से आहेत. फोन कर

मोठे काका: पिंटू, अभिनंदन. बेटांविषयी वाचायचं तर आधी पुलंचं पूर्वरंग वाच. त्यात बाली आहे. आपल्या घरची प्रत मी तीनदा शिवून घेतली, आता कोणाकडे आहे माहीत नाही, ज्याने नेली त्याने परत करावी ही नम्र विनंती, गेल्या दिवाळीतही केली होती.

मी: काका ती माझ्याकडं नाही, आधीच सांगते.
पिंट्या तुला काय पाहिजे त्यावर आहे. बेटांची पुस्तकं दोन जातीची असतात. एकात पांढरी वाळू, निळं पाणी, नारळाचं झाड आणि त्याला बांधलेला झोपाळा, दोनशे पानं तेच, असली मी दहा पानांवर मिटते. दुसऱ्यात माणूस तिथं राहिलेला असतो, त्याला ताप येतो, बोट येत नाही, तांदूळ संपतो, मुंग्या सामान खातात. ही दुसरी वाच. वॉलेस म्हणून एक होता, १८५४ ते १८६२ आठ वर्षं मलाया-इंडोनेशियाच्या बेटांवर फिरला, किडे पक्षी प्राणी मिळून सव्वा लाखाच्या वर नमुने जमवले. १८५८ मधे तापानं फणफणलेला असताना त्याला नैसर्गिक निवडीची कल्पना सुचली, ती लिहून त्यानं थेट डार्विनला पत्र पाठवलं. पण मला त्याच्या पुस्तकातलं आवडतं ते न्यू गिनीतलं, म्हणजे एवढा मोठा शास्त्रज्ञ आणि मुंग्या त्याच्या नाकासमोरून त्याचेच किडे उचलून नेतात. मले तं आपली गुळाची बरणीच आठवली.

आई: आजी माझ्या बाजूले बसली आहे, तिले वाचून दाखवलं. ती म्हणते चहूकडं समुद्र आन् मधात लोक राह्यते तं ते प्यायचं पानी कुठून आनते?

मी: आई, आजीला माझा नमस्कार सांग. हाच प्रश्न विचारायचा असतो. मी तर आता कोणतंही बेटाचं पुस्तक घेतलं की आधी पाहते त्यात विहीर आहे का.

दादा: सांग ना मंग, कुठून आनते?

मी: लक्षद्वीपचं सांगते. लहानलहान ३६ बेटं, लोक राहतात ते १० वर, सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर. दगड नाही माती नाही, पोवळ्याचा चुरा आणि वाळू, समुद्रापासून मीटर दोन मीटर वर. नदी नाही, नाला नाही. पाऊस पडला की पाणी त्या वाळूतून खाली झिरपतं, खाली समुद्राचं खारं पाणी भरलेलंच असतं, पण गोडं पाणी हलकं ना, ते खाऱ्यात लवकर मिसळत नाही, खाऱ्यावर तरंगत राहतं. आपल्या वरणावर तेलाचा तवंग राहतो तसं समज, फक्त हा तवंग मधात जाड आणि काठाला पातळ. म्हणून विहीर उथळ खणायची आणि पाणी हळू उपसायचं. मोटर लावून दणादण ओढलं की खालचं खारं वर आलंच, मग ती विहीर गेली कामातून

दादा: थांब थांब

दादा: हे तं आपलंच झालं

दादा: आबाच्या वेळची विहीर पाह्य, पावसाळ्यानंतर वरवरचं पानी पिता येत होतं, बुढे लोक म्हनत बादली खोल नोका सोडू. मी शहाना म्हून २०१६ ले बोअर मारला, मशीनवाला म्हने अजून खाली जाऊ भाऊ, गेलो खाली, पानी लागलं भरपूर पन असं खारं की बैल तोंड लावाले तयार नाही. पैसे गेले ते गेलेच. ते पानी हरभऱ्याले दिलं तं वावर सिमेंटसारखं झालं, दोन वर्स ढेकळं फोडत होतो

मोठे काका: खारपाणपट्टा आहे बाबा आपला. अकोला, अमरावती, बुलढाणा, पूर्णेच्या दोन्ही अंगाला. शाळेत शिकवत होतो मी हे, पण घरच्यांनी कधी ऐकलं नाही.

दादा: काका बोअर मारला तवा तुमी नारळ फोडाले होते

वहिनी: फोटो पण आहे

मी: दादा दोन्ही एकच नाही पण. आपल्याकडं समुद्र नाही खाली, जुन्या गाळातच क्षार आहेत आणि निचरा नाही. तिकडं खाली खराच समुद्र. पण वरचं गोडं जपून वापरायचं ही अक्कल दोन्हीकडं एकच लागते.

आई: आजी म्हणते मग तिथं लोक वाढले तं काय करतात

मी: कवरत्तीला २००५ मधे एक प्लांट लावला, चेन्नईच्या समुद्र तंत्रज्ञान संस्थेनं. रोज १ लाख लिटर गोडं पाणी. समुद्राचं वरचं पाणी कोमट असतं, हवेचा दाब कमी केला की ते न तापवताही वाफ होतं, आणि खोल साडेतीनशे मीटरवरचं पाणी गार असतं, ते पाइपानं आणून त्या वाफेला थंड करायचं. उन्हाळ्यात थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना आजी, तो घाम गोळा करायचा, एवढंच.

आई: आजी हसली. म्हणते तांब्याच्या घामावर गाव जगते म्हना की

पिंट्या: अहो मी अंदमानले चाललो, लक्षद्वीपले नाही. स्कूबाचं सांगा कोनी

प्राजू (मुंबई): मी सांगते मी केलंय दोन वर्षांपूर्वी हॅवलॉकलाच, आता त्याचं नाव स्वराज द्वीप आहे तिकिटावर तसंच येतं गोंधळू नको. पिंट्या सगळ्यात आधी एक, अंगठा दाखवू नको

पिंट्या: म्हनजे?

प्राजू (मुंबई): पाण्याखाली बोलता येत नाही ना सगळं हातानं. इन्स्ट्रक्टरनं विचारलं ठीक आहे का, तर अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल करायचा. मला किनाऱ्यावर शिकवलं होतं अर्धा तास, पण खाली गेल्यावर ते मासे बघून मी इतकी खुश की आपल्या सवयीनं दाखवला अंगठा. अंगठा म्हणजे वर चला. त्यानं धरला माझा दंड आणि निघाला वर घेऊन, मी हात हलवतेय नाही नाही, त्याला वाटलं ही घाबरली, अजून घट्ट धरलं. ४ हजार रुपयांतली दहा मिनिटं त्यात गेली

दादा: 😂😂

वहिनी: प्राजू हे कधी सांगितलं नाही

प्राजू (मुंबई): आणि कान. कान दुखतातच. १० मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो वरच्यापेक्षा, फुगवलेला फुगा नेला तर निम्मा होईल. म्हणून नाक चिमटीत धरून हळूच हवा कानाकडं ढकलायची, दुखायच्या आधीपासून, दर मीटरला. सर्दी असेल तर जाऊच नको, पैसे गेले तरी चालतील. आणि वर येताना श्वास कोंडून धरायचा नाही, निम्मी झालेली हवा वर येताना परत दुप्पट होते, छातीत

आत्या (अकोट): पिंट्या तू नोको जाऊ

पिंट्या: आई काही होत नाही, इन्स्ट्रक्टर हात सोडत नाही पूर्ण वेळ

प्राजू (मुंबई): हो आत्या खरंच सोडत नाही, माझा तर दंड निळा झाला होता. फक्त तो फॉर्म देतात ना दम्याबिम्याचा, तो खरा भरायला सांग. आणि शेवटच्या दिवशी ठेवू नको, डाइव्ह झाली की किमान १८ तास विमानात बसायचं नाही, अंगात नायट्रोजन मुरलेला असतो, विमानात दाब कमी झाला की त्याचे अंगातच बुडबुडे होतात. आमच्या एजंटनं आमचं सकाळी डाइव्ह दुपारी विमान असं ठेवलं होतं, मी म्हटलं बदल तर म्हणे मॅडम सब करते हैं. व्हिडिओ फ्री म्हणाला होता त्याचे पण नंतर वेगळे घेतले

पिंट्या: माझं शेवटच्याच दिवशी आहे 😶

नेहा: फोन करते मी त्यांना आत्ताच

दादा: सिलेंडरच काहून लागते पन? आमी लहानपनी पपईच्या पानाचा पोकळ दांडा तोंडात धरून नदीत बसत होतो, डोकं पान्यात, दांडा वर. लांब नळी घेतली तं झालं ना काम

मोठे काका: दांडा हातभर होता म्हणून चाललं. मीटरभर खाली जाऊन पाहा, छातीवर पाण्याचा दाब इतका येतो की वरची साधी हवा ओढताच येत नाही, फासळ्या उचलत नाहीत. खालच्या माणसाला खालच्या दाबाचीच हवा द्यावी लागते. ते जमवलं कुस्तो आणि गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी, १९४३ मध्ये. मजा अशी की लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी गॅसवर चालवत होते, त्या गॅसचा व्हॉल्व्ह गान्यांनं बनवला होता, जेवढी इंजिनाची ओढ तेवढाच गॅस सोडणारा. तोच पाणबुड्याच्या तोंडाला लावला. कुस्तोचं द सायलेंट वर्ल्ड हे पुस्तक १९५३ चं, मी कॉलेजच्या लायब्ररीत बसून वाचलं, समुद्र तेव्हा पाहिलाही नव्हता.

दादा: म्हनजे आपल्या शेगडीच्या रेग्युलेटरचा भाऊ

मोठे काका: चुलतभाऊ म्हण.

प्राजू (मुंबई): बाबा तुम्ही समुद्र पहिल्यांदा कधी पाहिला?

मोठे काका: तुझ्या ॲडमिशनला आलो तेव्हा. दादरला. भरतीच नव्हती, चिखल होता.

मी: 🙏 काका
बरं पिंट्या, आता माझं आवडतं सांगते. नागपूरला बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावर साठ रुपयांत घेतलं होतं, आर्थर क्लार्कचं, तोच तो अंतराळाच्या गोष्टीवाला. १९५६ मधे श्रीलंकेत राहायला गेला, कारण काय तर डायव्हिंग. त्याच्या मित्राला १९६१ मधे तिथल्या दक्षिणेच्या खडकाजवळ बुडालेलं जहाज सापडलं, त्यात चांदीचे रुपये, हजारोंनी. आणि रुपये कोणाचे तर औरंगजेबाचे! सुरतेच्या टांकसाळीचे, १७०२ च्या सुमाराचे. अख्खं पुस्तक मी दोन रात्रीत

मोठे काका: १७०२? म्हणजे तो इकडे आपल्या गडांना वेढे घालत फिरत होता, समोर ताराराणी. आणि तिकडे त्याचे रुपये समुद्राच्या तळाशी. वा.

मी: हो ना! आणि ऐका, रुपये पोत्यात भरलेले होते, पोत्याचं कापड सडून गेलं पण नाणी एकमेकांना चिकटून पोत्याच्याच आकाराचे गोटे होऊन पडलेले

दादा: युरियाच्या पोत्याले ओल लागली की होते तसा. वरचं पोतं फाडून टाकलं तरी उभा राह्यते. समजलं

मी: अगदी तसा. मी हे वर्गात सांगितलं सातवीच्या पोरांना, एक जण म्हणे मॅडम मग ते घनानं फोडले का. समुद्र एकानंही पाहिलेला नाही त्यातल्या, पण गोटा सगळ्यांना माहीत.

आत्या (अकोट): सापडले तं पैसे कोनाले भेटले

मी: आत्या ते विचारू नको, पुस्तकात त्याचीच अर्धी कटकट आहे, सरकार, परवाने, आणि नाणी धुवायची कशी

मोठे काका: मी एकच सुचवतो आणि झोपतो. कॉन-टिकी. १९४७ मध्ये सहा जण बाल्सा लाकडाच्या नऊ ओंडक्यांचा तराफा करून पेरूहून निघाले, १०१ दिवसांनी पॉलिनेशियातल्या रारोइआच्या खडकावर जाऊन आदळले, जवळपास ७ हजार किलोमीटर. एकही खिळा नाही, सगळं दोरानं बांधलेलं. लोक म्हणत होते लाकूड घासून दोर तुटतील. झालं उलट, बाल्सा मऊ, दोरच लाकडात रुतून बसले आणि सुरक्षित राहिले. तराफ्याचा म्होरक्या आणि या पुस्तकाचा लेखक हेयरडाल, त्याचा सिद्धांत होता की ती बेटं अमेरिकेकडून वसली, तो चुकला, लोक आशियाकडूनच गेले, पण तराफा खरा होता. मला चुकलेल्या माणसाचं हे पुस्तक बरोबर ठरलेल्यांपेक्षा जास्त आवडतं.

दादा: काका म्हनजे बोअरच्या वेळी पन तुमचा सिद्धांतच होता

मोठे काका: झोप आता.

नेहा: डाइव्ह तिसऱ्या दिवशी करून दिली त्यांनी, बोलले आधी कोणी काही म्हणत नाही मॅडम. ताई ते क्लार्कचं पुस्तक मिळेल का वाचायला? हे विमानात झोपतात, मीच वाचणार आहे

मी: नेहा तुझ्यासाठी नक्की. शनिवारी अमरावतीले येत आहे, आणते. परत कर फक्त

नेहा: हो ताई. आणि काका, पूर्वरंग आमच्याकडं आहे, आत्ता कपाटात दिसलं. यांनी लग्नाआधी आणलं होतं म्हणतात

मोठे काका: पिंट्या!!

पिंट्या: मामा मी उद्या कुरियर करतो

आई: आजी म्हणते पिंट्याले सांग, तिथल्या एखांद्या विहिरीचं पानी पिऊन पाह्यजो आन् कसं लागते ते फोन करून सांगजो. बाटलीचं नोको म्हणते