अनुभव धागा: ऊद, हूद, पाणमांजर

परवा एका बातमीत ऊदाचा फोटो आणि खाली नाव छापलेलं 'उदमांजर'. उदमांजर म्हणजे कांडेचोर, झाडावर राहणारं, रात्री फळं शोधणारं. ऊद पाण्यातला. हिंदीत त्याला ऊदबिलाव म्हणतात, घोळ तिथूनच होत असावा. ज्यांनी ऊद पाहिलाय त्यांनी लिहा: तुमच्याकडे काय म्हणतात, काय करताना दिसला? ऐकीव नको.

खाजणवाला:
आम्ही हूद म्हणतो. एकटा क्वचितच, टोळीच असते. अर्धगोल करून मासळी काठाकडे रेटतात, मग नुसता धिंगाणा. जाळ्यातला मासा ओढताना जाळ्याला भगदाड पाडतात, त्यावर आजोबा सणसणीत शिव्या द्यायचे. पण चार दिवस हूद दिसले नाहीत तर "खाडीत मासळीच नाय" असं कुरकुरायचेही तेच.

दुर्बीण:
तुंगभद्रेवर हंपीजवळ पाहिले. कन्नडमध्ये नीरुनायी, म्हणजे पाणकुत्रा. नदीचा तो पट्टा 2015 पासून खास ऊदांसाठी राखीव आहे, देशातला असा पहिलाच. ऊद दिसायच्या आधी त्यांचा संडास दिसला! पाण्यालगतच्या सपाट खडकावर सगळी टोळी एकाच जागी घाण करते. वाळलेली विष्ठा काडीने फोडली तर आत नुसते खवले आणि बारीक काटे, उन्हात चमकणारे. वास विचारू नका. इंग्रजीत या विष्ठेला 'स्प्रेंट' असा वेगळा शब्द आहे. थोड्या वेळाने टोळी आली, वाळूत लोळून अंग कोरडं केलं आणि रांगेने तिथेच जाऊन बसली.

ओढेकरी:
खवल्यांऐवजी खेकड्याच्या कवचाचे तुकडे असतील तर बहुधा लहान नखांचा ऊद. जगातल्या ऊदांमध्ये सगळ्यात छोटा, जेमतेम पाच किलोपर्यंतचा. आमच्या ओढ्यात हा मान वर करून भलतीकडेच बघत होता आणि हात दगडाखाली चाचपत होते, अंधारात किल्ली शोधावी तसे. खेकडा हाती लागला की बसकण मारून कडाकड चावायचा.

परदेशी पाहुणी:
सिंगापूरमध्ये शहराच्या मधोमध राहतात, माणसांना फारसे बुजत नाहीत. पिल्लांना जन्मतः पोहता येत नाही, हे तिथे कळलं. आई मानगुटीला धरून पाण्यात ओढत होती, पिल्लू किंचाळत काठावर परत, आई पुन्हा हजर. बाकीची मंडळी मजेत मासे खात होती.

किनारा:
अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या समुद्रातला ऊद वेगळंच प्रकरण. पाठीवर तरंगतो, पोटावर दगड ठेवून त्यावर शिंपले आपटतो. काखेत सैल कातडीची घडी असते, तिच्यात खाणं साठवतो. झोपताना समुद्री शेवाळाचे लांब पट्टे अंगाभोवती गुंडाळतो, वाहून जाऊ नये म्हणून. अंगावर चरबीचा थर नाही, सगळी ऊब केसांची, म्हणून अंग साफ करणं दिवसभर चालूच.

नवखा:
दुरून मुंगसासारखा वाटतो, ओळखायचा कसा?

खाजणवाला:
शेपूट बघ. बुडाशी जाड, टोकाकडे निमुळती. मुंगसाची झुपकेदार. आणि पाण्यात असेल तर डोकं तेवढं वर दिसतं, मागे पाण्यावर लांब रेघ उमटते. चिखलात पाऊल सापडलं तर बोटांमधल्या पडद्याची खूणही दिसते, चिखल मऊ हवा मात्र. ओहोटीच्या वेळी जा.