स्वतःचे लेबल : संगीतकार जोडीचे स्वातंत्र्य की दुसरी नोकरी?

येऊरवासी (ठाणे)
घोडबंदर रोडवरील माझे दोन तरुण मित्र इलेक्ट्रॉनिक संगीताचे स्वतःचे लेबल, म्हणजे गाणी प्रकाशित करणारी कंपनी, काढत आहेत आणि जो तो त्यांना परावृत्त करत आहे, म्हणून लंडनच्या कोल्डकट या जोडीचे उदाहरण मांडतो. मॅट ब्लॅक प्रोग्रामर, तर जोनाथन मोर कलाशिक्षक. याझ या गायिकेसाठी त्यांनी निर्मिलेले गाणे १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले; तरीही मोठ्या कंपन्यांच्या चौकटीत मनासारखे काम होत नाही असे दिसताच १९९० मध्ये त्यांनी निन्जा ट्यून हे लेबल सुरू केले आणि बोगस ऑर्डर, डीजे फूड अशा टोपणनावांनी त्यावर रेकॉर्ड काढल्या. अमॉन टोबिन, सिनेमॅटिक ऑर्केस्ट्रा, बोनोबो या कलाकारांना पुढे तिथेच घर मिळाले. माझ्या मते हे लेबल हीच कोल्डकटची सर्वांत मोठी निर्मिती आहे.

पामबीचकर (नेरूळ)
आपले उदाहरण लेबल काढू नये म्हणणाऱ्या माझ्याच बाजूने साक्ष देते. लेबल निघाल्यानंतरही कोल्डकटचा १९९३ चा अल्बम अरिस्टा या मोठ्या कंपनीकडूनच आला, आणि १९९७ च्या अल्बमनंतर पुढचा स्टुडिओ अल्बम येण्यास २००६ उजाडले. इतरांचे संसार उभे करता करता स्वतःची चूल विझत असेल, तर त्याला स्वातंत्र्य कसे म्हणावे? शिवाय आधीच्या यशाने त्यांचे नाव झालेले होते. आपल्या मित्रांपाशी ती पुंजी नाही.

येऊरवासी (ठाणे)
१९९७ चा तो अल्बम निन्जा ट्यूननेच काढला, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत. मधल्या काळात ही जोडी दृश्ये आणि ध्वनी एकत्र वाजवण्याच्या व्हीजॅमसारख्या सॉफ्टवेअरमध्येही गुंतली होती. तिला हिशेबाच्या वह्यांनी गिळले, हे म्हणणे एकांगी आहे.

सागरविहार (वाशी)
दोघांचाही वाद १९९० च्या जगाला धरून आहे. तेव्हा लेबल म्हणजे रेकॉर्ड छापून दुकानांपर्यंत पोहोचवणे. आज वितरक सेवेचे शुल्क भरले की गाणे स्ट्रीमिंगवर चढते. (लेबलचा लोगो मात्र सर्वांत आधी तयार होतो.) खरा प्रश्न मालकीचा आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क सामान्यतः निर्मात्याकडे, म्हणजे ते मुद्रण घडवून आणणाऱ्याकडे जातो. २०१२ च्या दुरुस्तीने संगीतकार आणि गीतकार यांच्या रॉयल्टीच्या वाट्याला संरक्षण दिले. परंतु मास्टर, म्हणजे गाण्याचे मूळ ध्वनिमुद्रण, दुसऱ्याच्या हाती गेला, की रिमिक्स किंवा जाहिरातीतील वापर यांबाबतचा निर्णयही बहुधा त्याच्याच हाती जातो. एवढ्यासाठी तरी स्वतःचे लेबल असावे.

पामबीचकर (नेरूळ)
मालकीचा मुद्दा मान्य, पण ती नेमकी कोणाची? जोडीतील एक जण उद्या नोकरीसाठी बंगळुरूला गेला, तर मास्टर कोणाकडे राहतील आणि खर्च कोण भरेल, हे आपल्या मित्रांनी लेखी करून घेतले आहे काय?

येऊरवासी (ठाणे)
अजून नाही. तो कागद पहिल्या गाण्याआधी व्हावा, हे मी त्यांना सांगेन. त्यासाठी लेबलच काढू नये, हे मात्र मला पटत नाही.